पापा तेरेंच्या युकुलेलेची फट

मी आयुष्यात दोन कामं केली. आधी दात बनवले, नंतर युकुलेले दुरुस्त केले. मंडळाच्या दिवाळी अंकासाठी व्यवसायाबद्दल लिहाल का, असं संपादकबाईंनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, कुठल्या? त्या म्हणाल्या, दिवाळीत दातांबद्दल कोण वाचणार. म्हणून हे दुसऱ्या कामाबद्दल. दात मध्येमध्ये येतील, त्याला इलाज नाही.

पुण्यात मी डेंटल लॅबमध्ये होते. डॉक्टर तुमच्या तोंडाचं माप घेतात, ते लॅबमध्ये येतं, आणि तिथे कुणीतरी स्टुलावर वाकून बसून त्या मापाची कवळी, कॅप किंवा ब्रिज घडवतं. पेशंटला ते कुणीतरी कधी दिसत नाही. अकरा वर्षं ते कुणीतरी मी होते. मग शिरीषला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, ऑकलंडमध्ये सॉफ्टवेअरची नोकरी मिळाली आणि आम्ही तिथल्याच पापाकुराला राहायला आलो. इथे माझं काम करायचं तर परीक्षा द्या, नोंदणी करा. आमची ऋता लहान होती. पुढच्या वर्षी बघू, असं मी दोन-तीन वर्षं म्हटलं आणि मग म्हणायचं सोडून दिलं.

ऋताच्या शाळेत पालकांनी काहीतरी मदत करावी अशी चिठ्ठी आली. बाकीच्यांनी जत्रेच्या दिवशी सॉसेज भाजायला नावं दिली. मला ते जमण्यासारखं नव्हतं. बाईंनी एक कपाट उघडून दाखवलं. आत मोडके युकुलेले रचून ठेवले होते. न्यूझीलंडमधल्या शाळांमध्ये मुलांच्या हातात पहिलं वाद्य दिलं जातं ते बहुतेक हेच. आकाराने लहान, चार नायलॉनच्या तारा, कोवळ्या बोटांनाही दाबता येतात. तसंच ते पडतातही भरपूर. मी त्यातला एक उचलला. तारा ज्या लाकडी पट्टीला बांधतात ती पोटावरून सुटली होती. बाई म्हणाल्या, "त्याचा ब्रिज गेलाय." मला बरं वाटलं. सुटलेला ब्रिज बसवणं हे मी अकरा वर्षं करत होते.

त्या कपाटातले सगळे मी घरी आणून नीट केले. एकाच्या पोटात काहीतरी खुळखुळत होतं. हलवून हलवून बाहेर काढलं तर दुधाचा दात. तोही सुळा. मी तो डबीत घालून शाळेत परत दिला. कुठल्या मुलाचा ते कळलं नाही, पण पुढच्या आठवड्यात शेजारच्या शाळेचं कपाट माझ्याकडे आलं. मग तिच्या पलीकडच्या शाळेचं. अशी सुरुवात. गाडी बाहेर उभी राहायला लागली आणि गॅरेजमध्ये मी.

ज्यांना हे वाद्य माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. युकुलेले हवाईचा म्हणून ओळखला जातो, पण त्याचं मूळ तिथलं नाही. पोर्तुगालच्या मडेरा बेटावर गिटारच्या पिल्लासारखं एक तारांचं वाद्य होतं. त्या बेटावरची माणसं उसाच्या मळ्यात मजुरी करायला बोटीने हवाईला गेली. त्यांच्यात काही सुतार होते. मळ्यातला करार संपल्यावर त्यांनी होनोलुलूत लाकूडकामाची दुकानं काढली आणि तिथल्या कोआ नावाच्या लाकडात आपलं वाद्य थोडं बदलून घडवायला लागले. तिथल्या राजाला ते आवडलं, मग सगळ्यांनाच आवडलं. नावाचा अर्थ उडी मारणारी पिसू असा सांगतात. वाजवणाऱ्याची बोटं तशी उडतात म्हणून. एका कामाला म्हणून परदेशी गेले आणि दुसऱ्याच कामाला लागले, हा त्या सुतारांचा भाग मला जवळचा वाटतो.

हवाईहून ते बेटाबेटांवर पसरलं आणि प्रत्येक बेटाने त्याला आपलं केलं. कुक आयलंड्सच्या लोकांचा युकुलेले वेगळाच. त्यात गिटारसारखी पोकळ पेटी नसते. एकाच लाकडात दांडी आणि अंग कोरून काढतात. अंगाच्या मधोमध आरपार भोक, नरसाळ्यासारखं, समोर रुंद आणि मागे अरुंद. समोरच्या तोंडावर पातळ लाकडाची चकती बसवतात, आवाज त्या चकतीचा. तारा चारऐवजी आठ, आणि त्या मासे पकडायच्या दोरीच्या. बहुतेक वेळा हिरव्या. आमच्या जवळच्या मनुरेवात या लोकांची मोठी वस्ती आहे, त्यामुळे तसे युकुलेलेही माझ्याकडे यायला लागले. सांगायची गोष्ट अशाच एकाची आहे.

त्याआधी एक गिऱ्हाईक सांगून टाकते, नाहीतर राहून जाईल. रिकार्टनहून, म्हणजे खाली क्राइस्टचर्चहून, एका मराठी इंजिनिअरांचा फोन आला. त्यांना युकुलेलेवर नाट्यगीतं वाजवायची होती. दांडीवरच्या पट्ट्यांमुळे मींड येत नाही, तर त्या सगळ्या काढून द्या, असं म्हणाले. मी म्हटलं, काढल्यावर सूर कुठे आहे ते तुम्हालाच शोधावं लागेल. ते म्हणाले, "वीस वर्षं गाणं ऐकतोय मी." मी काढून कुरिअरने पाठवला. महिन्याभराने त्यांच्या पत्नीचा फोन आला. पट्ट्या परत बसवता येतील का, असं त्या हळू आवाजात विचारत होत्या.

तर पापा तेरे. पापा हे नाव नाही, कुक आयलंड्सचे लोक वयस्कर माणसाला आदराने पापा म्हणतात. सत्तरी उलटलेले, उंच, आयुष्यभर मांसाच्या कारखान्यात काम करून निवृत्त झालेले. मुलीबरोबर मनुरेवात राहायचे. मुलीचं नाव मीरी, ती बस चालवते. इथल्या जुलैच्या थंडीत ते गॅरेजमध्ये आले तेव्हा पायात जँडल्स, आपल्या रबरी स्लिपर, आणि काखेत टॉवेलात गुंडाळलेला युकुलेले. मीरी म्हणाली, "आमच्याकडच्या चर्चमध्ये, लग्नात, मयतीला, सगळीकडे पापाच वाजवतात. दुसरं कुणी वाजवायला बसलं की लोक पापा कुठे म्हणून विचारतात." पापांनी दांडीच्या मुळाशी गेलेली चीर बोटाने दाखवली. "एवढंच," ते म्हणाले.

मी युकुलेले म्हटलं, त्यावर त्यांनी एकदाच दुरुस्ती केली. "ऊकुलेले."

चीर साधी होती. पातळ गोंद आत मुरवला, आवळून ठेवला, झालं. पण चकती बघताना मला दिसलं की ती एका बाजूला नीट टेकलेली नाही. कडेला केसभर फट होती आणि फटीत काळ्या रंगाचं काहीतरी अडकलं होतं, नखाच्या कातरणाएवढं. आता इथे दात येतात. दातावरच्या कॅपखाली केसभर फट राहिली तर ती अक्षम्य चूक. तिथून अन्न जातं, कीड लागते, डॉक्टर काम परत पाठवतात. फट दिसली की बुजवायची, हे माझ्या हाताला डोक्याआधी कळतं. मी तो काळा तुकडा चिमट्याने काढला, चकती सोडवली, बसायची कड घासून सपाट केली आणि चकती अशी बसवली की मधून कागदही जाऊ नये. वर हलकं पॉलिश केलं. काम बघून मी स्वतःवर खूश होते.

पापांनी तो मांडीवर घेतला. दोन-तीनदा हात फिरवला. थांबले. कानाजवळ नेला, परत एकदा तारा छेडल्या. मग टॉवेलात गुंडाळला. "फार सुंदर दिसतोय," ते म्हणाले आणि त्यांच्या भाषेत आभार मानले, "मेइताकी." मला ते कौतुक वाटलं.

दीड महिन्याने मीरी एकटीच आली. कामावरचा युनिफॉर्म अंगावर, बसायला तयार नाही.

"तू काय केलंस त्याचं?" तिने विचारलं.

"चीर भरली. का, परत गेली?"

"चीर ठीक आहे. पापा वाजवत नाहीयेत. परवा माझ्या मावसबहिणीचं लग्न झालं, पापा मागच्या बाकावर बसून राहिले. हात दुखतोय म्हणाले. त्यांचा हात दुखत नाहीये. मी त्यांना ओळखते."

"मला का नाही सांगितलं त्यांनी?"

"ते कुणाला सांगत नाहीत. मलाही काल सांगितलं. म्हणाले, आतून आवाज येत नाही."

लॅबच्या सवयीने मी प्रत्येक काम हातात घेण्याआधी फोटो काढून ठेवते. ते उघडले आणि दोघी बघायला लागलो. तिसऱ्या फोटोत ती फट आणि तो काळा तुकडा स्पष्ट दिसत होता. मीरीने तिथे बोट ठेवलं.

"हा कुठे आहे?"

"कचरा समजून टाकला मी."

ती म्हणाली, "तो नारळाच्या करवंटीचा आहे. काकांनी बसवला होता. पापांचे मोठे भाऊ. ऊकुलेले त्यांनीच कोरलाय. ते गेले आता."

कचऱ्याची गाडी त्यानंतर सहा वेळा येऊन गेली होती.

शनिवारी मी मनुरेवाला त्यांच्या घरी गेले. घरून निघताना ऋता म्हणाली, "आई, इट्स जस्ट अ यूक. सॉरी म्हण अँड गिव्ह हिम अ न्यू वन." तिचं मराठी समजण्यापुरतं आहे आणि सल्ला सरळ असतो. पण नवा देऊन भागणारं नव्हतं हे मला माहीत होतं. पापा मागच्या अंगणात कुंपणाकडे तोंड करून बसले होते. मी माफी मागितली. त्यांनी ऐकून घेतलं.

"तुला ते करायला सांगितलं होतं का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग का केलंस?"

"फट होती, पापा. मला वाटलं, बसवताना राहून गेली असेल."

"फट माझ्या भावाने ठेवली होती," ते म्हणाले. "तुला वाटलं, त्याच्याकडून राहिली."

आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. अकरा वर्षांत आणि त्यानंतरच्या इतक्या वर्षांत माझ्या कामाबद्दल याहून खरं वाक्य कुणी बोललेलं नाही.

मी म्हटलं, मला परत करून बघू द्या. ते नाही म्हणाले नाहीत. त्यानंतर दर शनिवारी मीरी सकाळी त्यांना माझ्याकडे सोडायची आणि ड्युटी संपली की न्यायची. मी करवंटीचे तुकडे करून ठेवायचे. त्यासाठी भारतीय दुकानातून नारळ आणायचे, आणि आतलं खोबरं वाया कसं घालवणार, त्यामुळे त्या दोन महिन्यांत आमच्या घरी नारळीभात, सोलकढी आणि वड्या इतक्या झाल्या की शिरीषने एकदा साधं वरण मागितलं. फोटोवरून मापाचा तुकडा घासायचा, चकती सोडवायची, तुकडा घालायचा, चकती बसवायची, तारा चढवून सुरात आणायच्या. मग पापा एकदाच हात फिरवायचे. एकदाच. आणि मान हलवायचे.

"काय कमी आहे?" मी विचारायचे.

"कमी नाही. जास्त बंद आहे." किंवा, "आता उघडा आहे, पण खालच्या बाजूला." एकदा म्हणाले, "हा माझ्या चुलतभावाच्या ऊकुलेलेसारखा वाजतोय," आणि त्यावरून त्या चुलतभावाचा ऊकुलेले चांगला नव्हता एवढं मला समजलं.

मी सुरुवातीला त्या तुकड्याची जाडी मोजायचे. सवयीप्रमाणे, यंत्राने. चौथ्या शनिवारी पापांनी ते यंत्र उचलून बाजूला ठेवलं आणि चकतीवर बोटाच्या पेराने टकटक केलं. मग माझं बोट धरून टकटक करायला लावलं. वर, खाली, कडेला. कडेला एका जागी आवाज थोडा पोकळ आला. "तिथे," ते म्हणाले. मला ऐकू यायला आणखी दोन शनिवार लागले.

आठव्या शनिवारी दुसरंच काम दारात आलं. हवाईहून एक वादक ऑकलंडला आला होता. नाव सांगत नाही, ज्यांना या वाद्यात रस आहे ते त्याला ओळखतात. संध्याकाळी त्याचा कार्यक्रम आणि विमानातून उतरल्यावर त्याच्या युकुलेलेचा ब्रिज एका बाजूने उचललेला. आयोजकांनी कुठून तरी माझा नंबर मिळवला आणि त्याला घेऊन सकाळीच आले. चाळिशीचा, शांत, दाराशी बूट काढून आत आलेला माणूस. मी बघून सांगितलं, "गोंद लावून आवळते. चार वाजेपर्यंत हात लावायचा नाही."

"त्याआधी तारा चढवता येतील?"

"येतील. मग कार्यक्रमात मध्येच सुटेल."

तो हसला आणि खुर्ची ओढून बसला. आयोजक परत गेले. गॅरेजमध्ये आम्ही तिघं. पापांच्या मांडीवर त्या दिवशीचा तुकडा घालून तयार केलेला ऊकुलेले होता, अजून वाजवून बघितला नव्हता. पाहुण्याने तो बघितला आणि विचारलं, "बघू का?"

पापांनी दिला. "वाजव."

उस्ताद म्हणजे काय ते तेव्हा दिसलं. आठ तारांचा, अनोळखी, आखूड दांडीचा तो ऊकुलेले त्याने दोन मिनिटं चाचपला आणि मग त्यातून इतक्या बारीक सरी काढल्या की माझ्या हातातला चिमटा तसाच राहिला. या वाद्यात सगळ्यात वरची तार खर्जाची नसते, उंच सुराची असते. त्यामुळे सूर चढत-उतरत न जाता एकमेकांत गुंफत जातात, आणि तो ती गुंफण बोटाच्या टोकावर खेळवत होता. पण वाजवून झाल्यावर त्याने स्वतःच मान हलवली. "हा असा वाजवायचा नसतो, हो ना?" त्याने पापांना विचारलं आणि ऊकुलेले परत दिला.

पापांनी तो घेतला. मला वाटलं, नेहमीप्रमाणे एकदा हात फिरवतील. त्यांनी डोकं थोडं कलतं केलं आणि वाजवायला लागले.

मी दोन महिने त्यांना दर शनिवारी बघत होते, पण वाजवताना प्रथमच बघत होते. डावा हात जवळजवळ जागचा हलत नव्हता. सगळं उजव्या मनगटात होतं. ते मनगट इतक्या वेगाने फिरत होतं की बोटं वेगळी दिसत नव्हती, आणि तरी त्या वेगाच्या आत ठेके होते, ठेक्यांच्या आत आणखी ठेके, जणू चार-पाच माणसं वेगवेगळी टिपरी धरून बसली आहेत. पाहुणा खुर्चीवरून खाली जमिनीवर येऊन बसला, पापांच्या हातासमोर.

थांबल्यावर तो म्हणाला, "हळू दाखवता का? एकदाच."

पापांनी प्रयत्न केला. हात अडखळला. पुन्हा केला. "हळू येत नाही," ते म्हणाले.

"मग जोरातच दाखवा."

चार वाजेपर्यंत हेच चाललं. मी त्याला माझ्याकडचा एक जुना ऊकुलेले दिला. पापा वाजवायचे, तो मागून वाजवायचा, पापा त्याचं मनगट धरून ढिलं करायचे. मध्ये मी नारळाच्या वड्या दिल्या, दोघांनी न बघता खाल्ल्या. चार वाजता मी क्लॅम्प सोडले, तारा चढवल्या. ब्रिज घट्ट बसला होता. तिथे फट नको होती आणि नव्हती.

निघताना तो पापांना म्हणाला, "आज स्टेजवर माझ्याबरोबर याल? दोनच मिनिटं."

"आज चर्चमध्ये गाण्याची तालीम आहे," पापा म्हणाले.

त्याने मान डोलावली, जणू हे कारण पुरेसं आहे. मग पापांच्या ऊकुलेलेला हात लावून विचारलं, "हा कुणी बनवला?"

"माझ्या भावाने."

"आणि दुरुस्ती?"

पापांनी माझ्याकडे बोट केलं. "हिने बिघडवला. मग हिनेच परत लावला."

पाहुणा गेल्यावर मी सामान आवरलं. मीरी यायला वेळ होता. मी विचारलं, "पापा, जमलं का? पहिल्यासारखा झाला?"

"नाही," ते म्हणाले. "पहिल्यासारखा नाही."

"मग वाजवलात कसा?"

"तो माणूस एवढ्या लांबून आला होता." थोड्या वेळाने म्हणाले, "आता नको सोडवूस. राहू दे असाच."

मी राहू दिला. जे टाकलं ते परत आलं नाही, आणि त्यांच्या भावाने ठेवलेला आवाज कसा होता हे मला कधीच कळणार नाही. मी तो एकदाही नीट ऐकला नव्हता. काम हातात घेण्याआधी गिऱ्हाइकाला वाजवायला सांगायचं आणि गप्प बसून ऐकायचं, हे मी त्यानंतर सुरू केलं. आधीच्या सगळ्या कामांचं काय झालं असेल, याचा विचार मी फार करत नाही.

त्यानंतर पापा पाच वर्षं वाजवत होते. लग्नात, चर्चमध्ये, सगळीकडे. ते गेले तेव्हा मीरीने कळवलं, मी आणि शिरीष गेलो. ऊकुलेले तिच्याकडे आहे. तारा बदलायला ती तो माझ्याकडे आणते आणि मी बदलेपर्यंत समोर बसून राहते.

पापांनी ही हकिकत चर्चमध्ये सगळ्यांना सांगितली होती, असं मला नंतर कळलं. बदनामी होईल, तिकडचं काम बंद पडेल, अशी माझी समजूत होती. झालं उलटंच. मनुरेवाहून अनोळखी माणसं यायला लागली, अजूनही येतात. परवाच एक बाई आल्या, फुलाफुलांचा झगा, काखेत टॉवेलाचं गाठोडं. दारातून आधी त्यांनी मला नीट न्याहाळलं.

"पापा तेरेंचा ऊकुलेले बिघडवणारी बाई तूच ना?"

मी म्हटलं, "हो, मीच."

त्यांनी गाठोडं टेबलावर ठेवलं आणि सोडलं. "याला इथे एक चीर आहे," त्या म्हणाल्या. "एवढीच भर. बाकी कशाला हात लावू नकोस."